कार्यभार, तासिका आणि वाचनाचा वेळ

१

मराठीत 'कार्यभार' या शब्दाचे दोन वापर रूढ आहेत. एखादा अधिकारी नव्या पदावर रुजू होतो तेव्हा तो 'कार्यभार स्वीकारतो'. येथे भार म्हणजे जबाबदारी. ती स्वीकारणाऱ्याला काही प्रतिष्ठा प्राप्त होते आणि ती किती वजनाची आहे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. दुसरा वापर महाविद्यालयाच्या आवारात ऐकू येतो. तेथे कार्यभार 'भरतो', 'कमी पडतो', 'बसत नाही'. बोलताना तर त्याला सर्रास 'वर्कलोड' असेच म्हटले जाते. पहिल्या वापरातली जबाबदारी दुसऱ्या वापरात वजन होऊन येते, आणि वजन करणारा तराजू शिक्षकाच्या हातात नसतो.

या विषयाचा विचार समीक्षेला वाहिलेल्या नियतकालिकात करणे काहींना अप्रस्तुत वाटेल. प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. स्वातंत्र्योत्तर मराठी समीक्षेचा फार मोठा भाग महाविद्यालयीन अध्यापकांनी लिहिला आहे आणि तिचे वाचकही बव्हंशी याच वर्गांतून घडले आहेत. अध्यापकाचे काम कोणते आणि विद्यार्थ्याचे काम कोणते, याची अधिकृत व्याख्या बदलली की समीक्षेच्या पायाखालची जमीनही सरकते. शिवाय व्याख्या ही एक संहिताच असते. ती काय सांगते आणि काय गाळते हे पाहणे समीक्षकाच्या कक्षेबाहेरचे नाही. पनवेलमध्ये मराठी साहित्य शिकवीत असताना ही संहिता लेखकाला रोज जगावी लागते. म्हणून हा लेख तटस्थ असल्याचा आव आणीत नाही.

२

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनुसार पूर्णवेळ अध्यापकाचा कार्यभार वर्षातील ३० आठवडे, म्हणजे १८० अध्यापनदिवस, आठवड्याला ४० तासांहून कमी नसावा. त्यात प्रत्यक्ष अध्यापनाचे तास सहायक प्राध्यापकाला १६, सहयोगी प्राध्यापकाला व प्राध्यापकाला १४. अध्यापकाने रोज किमान पाच तास संस्थेत उपलब्ध असावे, असेही त्यात म्हटले आहे. २०१८ च्या विनियमांनी ही चौकट कायम ठेवली. २०१० च्या मजकुरात आठवड्याचे किमान सहा तास संशोधनासाठी राखण्याचा उल्लेख आहे. चाळिसातून सोळा आणि सहा वजा केले की अठरा तास उरतात. या अठरा तासांत अध्यापक नेमके काय करतो, याबद्दल मोजमापाची ही व्यवस्था जवळजवळ मौन पाळते. तयारी, उत्तरपत्रिका, विद्यार्थ्याशी वर्गाबाहेर होणारे बोलणे आणि मुख्य म्हणजे वाचन, हे सारे या मौनात सामावलेले आहे.

व्यवहारात हिशेब होतो तो फक्त सोळा तासांचा. मुंबई विद्यापीठाच्या परंपरेत तासिका ४८ मिनिटांची. सोळा तासांच्या अशा वीस तासिका होतात, आणि वीस तासिकांवर एक पूर्णवेळ पद उभे राहते. विद्यार्थ्यांनी विषय निवडला नाही, तुकडी कमी झाली, अभ्यासक्रमाची रचना बदलली आणि तासिका वीसाच्या खाली आल्या की तेच पद डळमळू लागते. माणूस 'अतिरिक्त' ठरतो. सांगायचा मुद्दा एवढाच की आपल्याकडे कार्यभाराचे मोजमाप श्रम किती झाले हे जाणण्यासाठी होत नाही. ते पद आणि वेतन यांचे समर्थन करण्यासाठी होते. हा हेतू गैर नव्हे. गैर आहे ते हे, की हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेले एकक पुढे शिक्षणाची व्याख्या म्हणून वावरू लागते.

४८ मिनिटे म्हणजे जुन्या कालगणनेप्रमाणे दोन घटिका, अर्थात बरोबर एक मुहूर्त. तासिकेला हे भाग्य कोणी जाणूनबुजून दिले असेल असे नाही. परंतु घटका भरली की मुहूर्त टळतो, ही जाणीव मात्र वर्गात पुरती उतरली आहे. कविता कोठे आली होती याच्याशी घंटेला कर्तव्य नसते.

३

वेळेला शिक्षणाचे एकक मानण्याची कल्पना शिक्षणशास्त्रातून आलेली नाही. १९०५ साली अँड्र्यू कार्नेगी यांनी अमेरिकेतील महाविद्यालयीन शिक्षकांच्या निवृत्तिवेतनासाठी निधी दिला. त्याचा लाभ कोणत्या संस्थांना द्यायचा हे ठरविताना प्रवेशार्थीच्या शालेय अभ्यासाचे एक प्रमाण एकक स्वीकारले गेले: एका विषयाचे वर्षभरातील सुमारे १२० तास. निवृत्तिवेतनाच्या पात्रतेसाठी रूढ झालेले हे एकक पुढे अभ्यासाचेच माप होऊन बसले. १९१० साली याच प्रतिष्ठानासाठी मॉरिस कुक यांनी विद्यापीठांच्या कार्यक्षमतेवर अहवाल लिहिला. कुक हे अभियंते, फ्रेडरिक टेलर यांच्या कारखाना-व्यवस्थापनाचे अनुयायी. एका विद्यार्थ्याचा अध्यापनातील एक तास, म्हणजे 'विद्यार्थी-तास', हे एकक घेऊन महाविद्यालयाचा खर्च व उत्पादन तपासावे, अशी त्यांची सूचना होती. आपल्या श्रेयांकांचे कूळ शोधू गेल्यास ते या कारखान्याच्या फाटकापर्यंत जाते.

याहून जुने एक उदाहरण साहित्याच्या अभ्यासकांना अधिक जवळचे वाटावे. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने प्राथमिक शाळांचे अनुदान मुलांची हजेरी आणि वाचन-लेखन-अंकगणिताच्या परीक्षेतील निकाल यांना जोडले. या योजनेवर त्याच वर्षी लेख लिहून तुटून पडणारा शाळा-तपासनीस म्हणजे मॅथ्यू आर्नल्ड. आपल्याकडे आर्नल्ड शिकविला जातो तो काव्य ही जीवनाची समीक्षा आहे असे म्हणणारा समीक्षक म्हणून. त्याने १८५१ पासून पस्तीस वर्षे शाळा तपासल्या आणि सरकारी सेवेत असूनही सरकारच्या मोजमापाला विरोध केला, हे आपण सहसा सांगत नाही. त्याची हरकत सूक्ष्म होती. नेमलेले पुस्तक घोकून मुले वाचनाच्या परीक्षेत उत्तीर्ण होऊ शकतात आणि तरीही त्यांना वाचता येत नसते, हे त्याने पाहिले होते. ज्याचे माप घ्यायचे ते मापाच्या आड कसे नाहीसे होते, याचे हे प्रत्यंतर. शतक संपता संपता ती पद्धत इंग्लंडने टाकून दिली. आपण मात्र ती नव्या नावांनी पुन्हा पुन्हा आणीत आहोत.

४

तासिकेबाहेरचे श्रम किती असतात याचा साधा हिशेब करून पाहू. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाला एका कादंबरीवर चार पानांचा निबंध लिहायला सांगितला. प्रत्येक निबंध वाचून समासात दोन ओळींचा अभिप्राय लिहायला बारा मिनिटे लागतात असे धरा. एकूण ७२० मिनिटे झाली, म्हणजे बारा तास, म्हणजे पंधरा तासिका. सत्रात असे तीन निबंध घेतले तर ते काम पंचेचाळीस तासिकांचे होते. कार्यभाराच्या तक्त्यात यासाठी रकाना नाही. परिणामी निबंध घेणारा आणि न घेणारा असे दोन्ही अध्यापक वीस तासिकांचेच ठरतात. न घेणाऱ्याचा आठवडा हलका असतो, एवढाच फरक. वीस विद्यार्थ्यांची तासिका आणि एकशेवीस विद्यार्थ्यांची तासिका हिशेबात सारखी असते. तीच कविता तिसऱ्या वर्षी शिकविणे आणि नव्याने नेमलेली संहिता पहिल्यांदा वर्गात नेणे, यांतही भेद केला जात नाही. ही समता सोयीची आहे. ती न्याय्य नाही.

हे अदृश्य काम एकदाच सर्वांना दिसले, ते थांबले तेव्हा. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांचे संगणकाच्या पडद्यावर मूल्यांकन करण्याचे ठरविले. लाखो उत्तरपत्रिका अडकल्या, निकाल महिनोन् महिने रखडले. जुलैमध्ये अध्यापकांना तपासणीला वेळ मिळावा म्हणून काही दिवस तासिका बंद ठेवाव्या लागल्या. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्या प्रकरणाची चर्चा तंत्राच्या आणि कंत्राटाच्या अंगाने पुष्कळ झाली. परंतु तासिका बंद केल्याखेरीज उत्तरपत्रिका वाचता येत नाहीत, म्हणजे वाचायला वेळ लागतो आणि तो वेळ कोणाच्या तरी आठवड्यातून यावा लागतो, हा त्यातला बोध कार्यभाराच्या व्याख्येपर्यंत पोचला नाही.

या व्याख्येचे सर्वांत उघडे रूप पाहायचे तर तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकाकडे पाहावे. पूर्णवेळ अध्यापकाच्या बाबतीत उरलेल्या अठरा तासांचे मौन निदान वेतनाने झाकलेले असते. तासिकावाल्याला प्रत्यक्ष घेतलेल्या तासिकेचेच मानधन. सुटी आली, विद्यार्थी सहलीला गेले, पावसाने लोकल बंद पडल्या, की त्या दिवशी त्याने काही केलेच नाही असे कागद म्हणतो. तो सकाळी पनवेलला आणि दुपारी दुसऱ्या गावी शिकवितो. त्याच्या पिशवीत दोन महाविद्यालयांच्या उत्तरपत्रिका असतात आणि तयारी लोकलमध्ये उभ्याने होते. 'शिकविणे म्हणजे वर्गात उभे राहिलेली मिनिटे' हे गृहीतक आपल्याला वरवर निरुपद्रवी वाटते. त्याच्या घरी ते चूल पेटविते किंवा विझविते. कायम नोकरीतल्या अध्यापकांनी, त्यात प्रस्तुत लेखकही आला, या अन्यायाकडे आपला प्रश्न म्हणून क्वचितच पाहिले आहे.

५

आता विद्यार्थ्याकडे वळू. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने एक श्रेयांक म्हणजे अध्ययनाचे ३० कल्पित तास आणि एक वर्ष म्हणजे १२०० तास, अर्थात ४० श्रेयांक, असे समीकरण मांडले. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत नवे धोरण २०२४-२५ पासून लागू झाले. अध्यापकाचे आठवड्याला ४० तास ३० आठवड्यांनी गुणले तरी १२०० च येतात. दोन्ही बाजूंना एकच आकडा यावा हा योगायोग असेल. परंतु त्याचा अन्वयार्थ असा, की विद्यार्थीही आता पूर्णवेळ कामगार मानला गेला आहे. उणीव फक्त वेतनाची.

विद्यार्थ्याच्या वर्गाबाहेरील श्रमाची निदान दखल घेतली, म्हणून या आराखड्याचे स्वागत करायला हवे. अध्यापकाच्या बाबतीत जे मौन आहे ते विद्यार्थ्याच्या बाबतीत काही अंशी मोडले आहे. पण 'कल्पित' हे विशेषण येथे अक्षरशः खरे ठरते. पनवेलच्या वर्गात उरण, पेण, खालापूर, कर्जत या तालुक्यांतून मुले येतात. कोणी एस.टी.ने, कोणी लोकलने. जाण्यायेण्यात दोन-तीन तास मोडतात. कोणी कळंबोलीच्या लोखंड बाजारात हिशेब लिहितो, कोणी तळोज्याच्या कारखान्यात रात्रपाळी करतो, कोणी दुचाकीवरून घरोघर पार्सले पोचवितो. मुलींच्या वाट्याला घरचा स्वयंपाक आणि धाकटी भावंडे असतात; त्या तासांना तर नोकरी असेही नाव नाही. पहिल्या तासिकेला डोळे मिटणारा मुलगा आळशी नसतो. तो आठ तास काम करून आलेला असतो. त्याच्या नावावर आठवड्याचे ४० कल्पित तास मांडणारा आराखडा स्वतःची खोली असलेल्या, मिळवते पालक असलेल्या मुलाचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे. घड्याळ सर्वांचे सारखे चालते म्हणून वेळ सर्वांना सारखा मिळतो असे होत नाही.

येथे एक स्थानिक स्मरण अप्रस्तुत होणार नाही. पनवेलमध्ये १९७० साली महाविद्यालय काढले ते रयत शिक्षण संस्थेने. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या या संस्थेने 'कमवा आणि शिका' ही योजना रुजविली. तिच्यावर टीका करता येईल. गरीब मुलाने शिक्षणासाठी घाम का गाळावा, हा प्रश्न रास्त आहे. परंतु त्या योजनेत एक सचोटी होती. विद्यार्थी गरीब आहे आणि त्याला कमवावे लागणार आहे, हे आधी मान्य करून मग त्याच्या दिवसाची आखणी केली जात होती. आजच्या आराखड्यातही अनुभवाला आणि कार्यप्रशिक्षणाला श्रेयांक देण्याची तरतूद आहे. पण तेथे कामाचे रूपांतर श्रेयांकात होते. कामाने खाल्लेला वाचनाचा वेळ परत मिळत नाही. लोखंड बाजारातले तास श्रेयांकपत्रावर चढले तरी 'कोसला' वाचून व्हायची ती राहतेच. कादंबरी वाचायला जितका वेळ लागतो तितका लागतोच. त्यावर सवलत नाही. मग मार्गदर्शक पुस्तकातील चार पाने कादंबरीची जागा घेतात, आणि आर्नल्डने पाहिलेले ते घोकणारे मूल पदवीच्या वर्गात पुन्हा आपल्यासमोर येऊन बसते.

६

समीक्षेवर याचा परिणाम काय झाला? २०१० च्या विनियमांनी अध्यापकाच्या शैक्षणिक कामगिरीचे निर्देशांक आणले. संदर्भतज्ज्ञांनी तपासलेल्या नियतकालिकातील लेखाला १५ गुण, अन्य मान्य नियतकालिकातील लेखाला १०. २०१८ च्या तक्त्यात मानव्यविद्यांतील एका शोधनिबंधाला १० गुण आहेत आणि भाषांतरित ग्रंथाला ८. एक संपूर्ण ग्रंथ दुसऱ्या भाषेतून मराठीत आणणे हे आठ पानांच्या निबंधाहून हलके काम आहे, असे भाषांतर केलेला कोणताही माणूस म्हणणार नाही. हा तक्ता करणाऱ्याने भाषांतर केलेले नसावे.

गुणांची मागणी निर्माण झाली तसा पुरवठाही झाला. पैसे घेऊन लेख छापणारी, अनुक्रमांक मिरविणारी नियतकालिके भूछत्रांसारखी उगवली. २०१७ मध्ये आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली. मे २०१८ मध्ये तीतून ४३०५ नावे वगळावी लागली. पुढे 'केअर' नावाची नवी यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करण्यात आली. आठ वर्षांत दोन याद्या उभारून मोडल्या. त्या काळात ज्यांनी निव्वळ यादीसाठी लिहिले त्यांच्या लेखनाचे काय झाले, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. त्यांचे गुण राहिले. वाचक कधी नव्हतेच.

म. वा. धोंड यांचे 'ज्ञानेश्वरीतील लौकिक सृष्टी' हे पुस्तक १९९१ साली आले. तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. १९९७ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एका ग्रंथाशी इतकी वर्षे राहिल्यावर जे दिसते ते वार्षिक अहवालाच्या रकान्यात कोणत्या वर्षी भरावयाचे? 'सत्यकथा'च्या संपादकांनी लेखकांना पाठविलेल्या पत्रांना आणि सुचविलेल्या पुनर्लेखनाला किती गुण? मराठीत ज्याला आपण समीक्षा म्हणतो ती अशा न मोजलेल्या वेळेवर उभी राहिली. तो वेळ कोणी मंजूर केलेला नव्हता, परंतु कोणी काढूनही घेतलेला नव्हता. आता तो काढून घेतला जात आहे आणि त्याच्या जागी पुरावे, छायाचित्रे आणि प्रमाणपत्रे यांच्या नस्ती येत आहेत.

७

प्रतिपक्षाचे म्हणणे ठाऊक आहे. मोजमाप नसेल तर अध्यापक वर्गावर जाणार नाहीत. हा आक्षेप खोटा नाही. वर्ग बुडविणारे, वर्षानुवर्षे त्याच पिवळ्या पडलेल्या टिपणांवर निभावणारे अध्यापक आपण सर्वांनी पाहिले आहेत, आणि पहिल्या पिढीतून शिकायला आलेल्या मुलीला वर्गात शिक्षक येणे हा तिचा हक्क आहे. म्हणून प्रस्तुत लेखकाची मागणी मोजमाप रद्द करा अशी नाही. परंतु टिपणे वाचून दाखविणारा तो अध्यापक आजच्या मोजमापात पूर्ण गुणांनी उत्तीर्ण होतो, हे प्रतिपक्षाने ध्यानात घ्यावे. ज्या दोषासाठी हा तराजू टांगला, तो दोष तराजूला दिसत नाही.

आपल्या बाजूचीही झडती घ्यायला हवी. मे २०१६ मध्ये आयोगाने सहायक प्राध्यापकाचे १६ तास १८ केले आणि त्यावर ट्युटोरियलचे सहा तास चढविले. देशभर अध्यापक रस्त्यावर आले आणि त्याच वर्षी आयोगाला माघार घ्यावी लागली. विजय झाला. पण कशाचा? आपण चोविसाच्या जागी सोळा मिळविले. तास म्हणजे काय, हा प्रश्न विचारला नाही. आकड्यावर भांडताना व्याख्या मान्य करून टाकली. तासिकावाल्यांचे मानधन, वर्गाचा आकार, निबंध वाचण्याचा वेळ यांपैकी काहीही त्या विजयात नव्हते.

मागण्या थोड्या आणि साध्या असाव्यात. तासिकेची गणना करताना वर्गातील विद्यार्थ्यांची संख्या धरावी. लेखी काम वाचण्याचा वेळ कार्यभारात मोजावा आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकाला त्याचे मानधन मिळावे. नवी संहिता शिकविण्याच्या तयारीला वेगळे वजन असावे. विद्यार्थ्याच्या कल्पित तासांपैकी काही तास वेळापत्रकात प्रत्यक्ष आणावेत: ग्रंथालयात, पुस्तक समोर घेऊन, अध्यापक जवळ असताना. ज्या मुलाला घरी वाचायला जागा आणि वेळ नाही त्याला तो महाविद्यालयाने द्यावा. आणि पद टिकविण्याचा हिशेब व शिक्षणाचा हिशेब या दोन वेगळ्या वह्या असाव्यात. पहिलीत कमी पडले म्हणून दुसरीत खोटे लिहिण्याची पाळी कोणावर येऊ नये.

कार्यभार स्वीकारला, असे म्हणताना मराठी माणसाच्या मनात अजूनही जबाबदारीच असते. ती कोणाविषयीची, हे ठरविण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. पहिल्या तासिकेला शेवटच्या बाकावर रात्रपाळीहून आलेला मुलगा बसलेला असतो. त्याला कविता वाचायला वेळ हवा आहे, आणि त्याने लिहिलेले वाचायला त्याच्या शिक्षकालाही.